मालक परदेशी, घर नागावला

रायगडच्या किनाऱ्याला परदेश नवा नाही. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायली समाज परंपरेने सांगत आला आहे. या समाजाने इथल्या गावांवरून आडनावे घेतली: केहिमकर, नागावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक घरे इस्रायलला गेली. खाली म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसे पिढ्यानपिढ्या आखातात आणि आफ्रिकेत कमावत आली आणि त्या कमाईतून गावी घरे बांधत आली. गेल्या तीसेक वर्षांत यात अमेरिका, इंग्लंड, सिंगापूरला गेलेल्या मुंबई-पुण्याच्या मराठी नोकरदारांची भर पडली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू उघडला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. मुंबई जवळ आली तशी किनाऱ्यावरच्या घरांची मागणी वाढली, आणि मागणी करणाऱ्यांत परदेशी राहणारे आपले लोक मोठ्या संख्येने आले.

परदेशातली मालमत्ता म्हटली की आपल्याला दुबईतला फ्लॅट आठवतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हिशेबात मात्र नागावचे घर हीच परदेशातली मालमत्ता असते. त्या एका घरावर दोन देशांचे कायदे एकाच वेळी लागू होतात. खरेदी इथे, कमाई तिथे. भाडे इथे, विवरणपत्र दोन्हीकडे.

अशा घराचा विचार करताना पहिला प्रश्न येतो तो ‘कर किती टक्के?’ असा. तो सोपा प्रश्न आहे, कारण दर छापील असतात. घर परवडेल की नाही हे मात्र दुसऱ्या गोष्टींवर ठरते. घराखालची जमीन कोणत्या प्रकारची आहे, पैसा कोणत्या खात्यातून आला, आणि कर कोणाच्या हातून कधी कापला जातो, हे समजले की टक्केवारी आपोआप जागेवर बसते. म्हणून या प्रकरणाचा क्रमही तोच आहे. यातले आयकराचे दर २०२६-२७ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी घरभाड्याच्या हिशेबाचा सांगाडा पूर्वीचाच आहे.

आधी सातबारा

परदेशी राहणारा भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परकीय नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची व्यक्ती) यांना भारतात घर, फ्लॅट, दुकान किंवा बिनशेती भूखंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. परकीय चलनविषयक कायदा, म्हणजे फेमा, त्यांना तीन गोष्टी विकत घेऊ देत नाही: शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे-बागायती. वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण ती पुढे विकायची तर भारतात राहणाऱ्या नागरिकालाच.

रायगडच्या किनाऱ्यावर ही तीन नावे फार महत्त्वाची आहेत. चौल, आक्षी, नागाव, दिवेआगर इथली नारळ-सुपारीची वाडी डोळ्यांना बाग दिसते, पण सातबाऱ्यावर ती बहुधा शेतजमीन असते. वाडीतले टुमदार कौलारू घर हे कायद्याच्या नजरेत फार्महाऊस ठरू शकते. जाहिरातीत ‘सी-साईड व्हिला प्लॉट’ लिहिलेले असले तरी कायदा जाहिरात वाचत नाही, गाव नमुना वाचतो.

या जमिनीला दुसरे कुलूप राज्याच्या कायद्याचे आहे. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. इथे अनेकांचा घोटाळा होतो. ‘आमची साताऱ्याला वडिलोपार्जित शेती आहे, मी शेतकरीच आहे’ असे परदेशातला मुलगा म्हणतो. ते खरे असते. कूळकायद्याचे कुलूप त्याच्यासाठी उघडते, पण फेमाचे उघडत नाही. परदेशी राहतो तोपर्यंत त्याला नवी शेतजमीन घेता येत नाही.

हे नियम कटकटीचे वाटतात तेव्हा त्यांचा जन्म कुठे झाला ते आठवावे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. राबायचे कुळांनी आणि पिकाचा मोठा वाटा खोताने उचलायचा, याला नकार देत या शेतकऱ्यांनी १९३९ पर्यंत शेते पडीक ठेवली आणि उपासमार सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा आणि मग १९४८ चा कूळकायदा आला, त्यामागे चरीच्या लढ्याचा मोठा हात होता. कसणाऱ्याची जमीन पैसेवाल्याच्या हातात सहज जाऊ नये, हा त्या लढ्याचा अर्थ. त्याच तालुक्यात घर घेणाऱ्याने ते नियम पाळावेत, हे मला केवळ कायदा म्हणून नव्हे तर न्याय म्हणूनही पटते.

या नियमांतून सुचवली जाणारी पळवाट ठरलेली असते: जमीन गावातल्या चुलतभावाच्या नावावर घ्या, पैसे तुमचे. हा बेनामी व्यवहार आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, शिवाय मालमत्ता सरकारजमा होते. आणि नाते बिघडले तर कोर्टात जमीन चुलतभावाचीच असते.

म्हणून परदेशस्थाने दोनच प्रकारच्या जागा पाहाव्यात: रीतसर बिनशेती झालेली किंवा गावठाणातली. बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकामाची परवानगी हे तीन कागद हातात घेऊन वाचावेत. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत शेवटी पाहिला जातो, तो सर्वांत आधी पाहावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वारसांचा वाद तिथेच उमटतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर हस्तांतराला परवानगी आणि बहुधा नजराणा लागतो. रायगडात कातकरी आणि ठाकर समाजाच्या जमिनी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक बंधन आहे. आठपेक्षा अधिक घरांचा आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागावा.

समुद्राचाही एक कायदा आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, पुढची २०११ ची आणि सध्याची जानेवारी २०१९ ची. आजच्या नियमाप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक आहे तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. पुळणीला लागून असलेला बंगला जितका मोहक, तितका त्याचा कागद संशयाने वाचावा. ८ मार्च २०१९ ला किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने स्फोटके लावून जमीनदोस्त केला, तो किनारा नियमांच्या भंगासाठी. मुंबई उच्च न्यायालयात किनाऱ्यावरच्या अशा बांधकामांविरुद्ध जनहित याचिका झाली होती. भिंत कितीही मजबूत असली तरी परवानगी नसलेले घर उभे राहत नाही, हे त्या दिवशी साऱ्या किनाऱ्याने पाहिले.

खरेदीच्या दिवशीचा खर्च

जमीन स्वच्छ निघाली की हिशेबाला बसायचे. समजा, नागावला बिनशेती जागेवरचे तयार घर १ कोटीला ठरले.

मुद्रांक शुल्क जागा नगरपरिषदेत आहे की ग्रामपंचायतीत यावर थोडे बदलते. स्थानिक अधिभारासह ६ टक्के धरून चालले तर अंदाज कमी पडत नाही. म्हणजे ६ लाख. हे शुल्क करारातल्या किमतीवर किंवा सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे. या उदाहरणात ते १ लाख रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये.

घर तयार असेल आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर जीएसटी नाही. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घेतले तर ५ टक्के, म्हणजे १ कोटीवर ५ लाख. तयार घर महाग वाटते तेव्हा हे ५ लाख त्यातून वजा करून पाहावेत.

वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, सरकारी मोजणी आणि दलाली यांना मिळून इथे हिशेबापुरते १ लाख २० हजार धरू. म्हणजे घरात एक खुर्चीही न ठेवता १ कोटीचे घर सुमारे १ कोटी ७ लाख ५० हजारांना पडले. यातली मोजणी बरेच लोक वाचवतात. कोकणात बांध, गडगा आणि वहिवाटीची वाट यांवरून तंटे पिढ्या चालतात. मोजणीची फी त्यांपुढे काहीच नाही.

विक्रेता भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो. हा खर्च वेगळा नाही, विक्रेत्याच्या रकमेतूनच तो जातो. पण न कापल्यास व्याज आणि दंड खरेदीदारावर येतो. परदेशी राहतो म्हणून यातून सुटका नाही.

पैसे बँकेच्या मार्गानेच यायला हवेत: परदेशातून थेट पाठवलेले किंवा अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरई, एफसीएनआर, एनआरओ खात्यातले. परकीय नोटा किंवा प्रवासी धनादेश चालत नाहीत. कोणत्या खात्यातून किती दिले याचे पुरावे जपून ठेवावेत. घर विकायच्या दिवशी त्यांची किंमत कळते. ‘अर्धे रोख द्या, मुद्रांक वाचेल’ हा सल्ला तर परदेशस्थासाठी दुप्पट घातक आहे. रोख दिलेली रक्कम उद्या घर विकताना खरेदीची किंमत म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे नफा फुगतो आणि कर वाढतो, आणि तो पैसा परदेशी परत नेण्याचा हक्कही उरत नाही.

दस्ताला स्वतः येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून पाठवावे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. मुखत्यारपत्रात एकाच घराचे, एकाच कामाचे अधिकार लिहावेत. आणि केवळ मुखत्यारपत्रावर घर विकत मिळते असे कोणी सांगितले तर तिथूनच परत फिरावे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव चढले आणि घरपट्टीही आपल्या नावावर झाली, म्हणजे खरेदी संपली.

खारा वारा आणि वर्षाचा खर्च

ग्रामपंचायतीची घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसते. तिला जोडून पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर येतात. शहरातल्या मालमत्ता कराच्या मानाने ही रक्कम लहान असते, पण ती वेळेत भरून पावती मालकाच्या नावाची घ्यावी. पुढे आयकरात याच पावतीची वजावट मिळते.

खरा खर्च हवेत असतो. खारा वारा लोखंड खातो. खिडक्यांचे गज, गच्चीची सळई, एसीचे बाहेरचे यंत्र, पंप, गेटचे बिजागर यांचे आयुष्य इथे शहरापेक्षा कमी असते. पावसाळ्याचे चार महिने बंद राहिलेल्या घरात बुरशी धरते. कौले दर वर्षी शाकारावी लागतात, विहिरीवरचा पंप बिघडतो, नारळ उतरवून घ्यावे लागतात. घराला रोज उघडणारा-झाकणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगार घर रिकामे असले तरी द्यावा लागतो. राखणदाराला कमी पगार देऊन ‘पाहुण्यांच्या बक्षिशीवर भागव’ म्हणणाऱ्या मालकाचे घर टिकत नाही. परदेशात बसलेल्याचे डोळे आणि हात तोच असतो, म्हणून त्याचा पगार हिशेबात सर्वांत वर लिहावा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग भागांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवे नारळाचे झाड फळायला अनेक वर्षे जातात, तेव्हा ज्यांचे पोट वाडीवर होते त्यांचे नुकसान एका हंगामाचे नव्हते. निवृत्तीचे घर घेणाऱ्याने यातून निदान विम्याचा धडा घ्यावा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी आणली आहे. वादळ, पूर, आग, भूकंप तिच्यात येतात. घर पर्यटकांना देणार असाल तर ते विमा कंपनीला आधीच लेखी कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

भाड्याचे दोन मार्ग

किनाऱ्यावर घर दोन प्रकारे भाड्याने जाते. पहिला मार्ग वर्षा-दोन वर्षांच्या भाडेकरूचा. थळचा आरसीएफ खत कारखाना, उसरचा गेलचा प्रकल्प, साळाव आणि डोलवीचे पोलाद कारखाने, अलिबागचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे या भागात नोकरदारांची ये-जा असते. दुसरा मार्ग शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा.

पहिल्या मार्गात लिव्ह अँड लायसन्स करार करायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्यावर आणि अनामतीवरच्या हिशेबी व्याजावर मिळून पाव टक्का मुद्रांक लागतो. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. एवढ्या खर्चात मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा जलद कायदेशीर मार्ग खुला राहतो. दूर राहणाऱ्या मालकाला याहून स्वस्त संरक्षण नाही.

दुसऱ्या मार्गात रोजचा दर मोठा दिसतो, पण सोमवार ते गुरुवार घर रिकामे असते. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लहान बोटी बंद होतात तेव्हा पाहुणेही कमी होतात. चादरी, सफाई, वीज, बुकिंग संकेतस्थळाचा वाटा हे सारे वजा करावे लागते. खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. त्याच्या वर १८ टक्के. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मालकाला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण अशा मालकाची खोली संकेतस्थळावरून गेली तर कर संकेतस्थळच वसूल करून भरते. पाहुण्याला दर सांगताना हे ध्यानात ठेवावे.

राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करून घ्यावी आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. ही अट हॉटेलांनाच नव्हे, घरात पाहुणे ठेवणाऱ्यांनाही आहे, आणि आपला ओसीआय कार्डवाला मित्र पाहुणा आला तरीही.

नागाव, काशीद, दिवेआगरच्या अनेक घरांत बायका पाहुण्यांना मोदक, सोलकढी, मासळीचे जेवण रांधून घर चालवतात. परदेशी मालकाने जेवणाची व्यवस्था बाहेरून आणण्यापेक्षा शेजारच्या घराशी बांधून घेतली तर खर्च कमी होतो आणि गावाला त्या घराचे चांगले वाटते.

सहाशे शहात्तर रुपयांसाठी पावणेदोन लाख

आता आयकर. नियमित भाड्याचे उत्पन्न ‘घरापासूनचे उत्पन्न’ या सदरात येते. आलेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट घ्यायची, आणि कर्ज असेल तर त्याचे व्याज वजा करायचे. रंग, कौले, राखणदार यांचा खर्च वेगळा मागता येत नाही. तो त्या ३० टक्क्यांत आला.

समजा, आपले घर महिना ५०,००० रुपयांनी गेले. वर्षाचे ६ लाख. घरपट्टी १०,००० वजा करून ५ लाख ९० हजार. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख ७७ हजार वजा केले की करपात्र उत्पन्न ४ लाख १३ हजार. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. उरलेल्या १३,००० वर ५ टक्के, म्हणजे ६५० रुपये, आणि ४ टक्के उपकर धरून ६७६ रुपये. भारतात दुसरे काही उत्पन्न नसेल तर वर्षाचा कर इतकाच.

पण मालक परदेशी असेल तर भाडेकरूने प्रत्येक भाड्यातून ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के कापून सरकारात भरायचे असतात. ६ लाखांवर ते होतात १ लाख ८७ हजार २०० रुपये. भारतात राहणाऱ्या मालकाचे भाडे दरमहा ५०,००० च्या वर गेले तर घरगुती भाडेकरू केवळ २ टक्के कापतो. परदेशस्थासाठी अशी किमान मर्यादाच नाही, लहानशा भाड्यालाही कपात लागू आहे. कर ६७६ रुपये आणि कपात पावणेदोन लाखांहून अधिक! जादा पैसा बुडत नाही; विवरणपत्र भरले की परतावा येतो. पण तो महिनोन्‌महिने अडकतो, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

यावर सरळ उपाय आहे. आर्थिक वर्ष सुरू होताना आयकर खात्याकडे कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मागायचे आणि ते भाडेकरूला द्यायचे. पॅन असायलाच हवे. भाडे एनआरओ खात्यात घ्यायचे. आणि भाडेकरू ठरवतानाच ‘मालक अनिवासी आहे’ हे करारात लिहायचे, कारण कपात चुकली तर नोटीस भाडेकरूला जाते. आईच्या खात्यात भाडे जमा करून हा प्रश्न टाळणारे पुष्कळ आहेत. ते आईलाही अडचणीत आणतात.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो तो एका सवलतीमुळे, आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तींना आहे. परदेशस्थाला ४ लाखांच्या पुढे टप्प्याटप्प्याने कर लागतोच. घर रोजच्या पाहुण्यांना सेवेसह देत असाल तर ते उत्पन्न व्यवसायाचे ठरू शकते. मग ३० टक्क्यांची सरसकट वजावट जाते, पण पगार, वीज, दुरुस्ती आणि घसारा असा प्रत्यक्ष खर्च मागता येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वही आणि बिले ठेवावीत.

आता धंद्याच्या दृष्टीने पाहू. ६ लाख भाड्यातून १०,००० घरपट्टी आणि राखण-दुरुस्तीचे १ लाख ४० हजार गेले असे धरले तर हाती साडेचार लाख राहतात. १ कोटी ७ लाख ५० हजारांवर हा परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आतबाहेर आहे. एनआरई मुदत ठेवीवरचे व्याज भारतात करमुक्त असते, आणि तिला शाकारणी लागत नाही. केवळ भाड्यासाठी हे घर घेऊ नये, हे हा हिशेब स्पष्ट सांगतो. स्वतः येऊन राहायचे, आई-वडिलांना ठेवायचे, मुलांना मराठी कानावर पडू द्यायची आणि मधल्या काळात भाड्याने खर्च भागवायचा, या हेतूने घेतलेले घर मात्र शहाणपणाचे ठरते.

दुसऱ्या देशाची वही

दुहेरी कर टाळण्याच्या करारांत एक तत्त्व सगळीकडे सारखे आहे: स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर ती जिथे उभी आहे त्या देशाचा हक्क पहिला. राहत्या देशाचा हक्क त्यानंतर, आणि भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मिळते. अमलात फरक पडतो तो देशागणिक.

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर जगभरचे उत्पन्न तिथे दाखवावे लागते. परदेशातल्या भाड्याच्या घरावर तिथे साधारणपणे ३० वर्षांत घसारा मिळतो, म्हणून तिथला करपात्र आकडा भारतातल्यापेक्षा वेगळा निघतो. त्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. दोन्हींचा मेळ घालायचा तर भाड्याची नोंद महिनावार हवी. परदेशातल्या सर्व बँक खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची माहिती देणारा एफबार हा फॉर्म भरावा लागतो. घर स्वतः त्या खात्यांच्या यादीत येत नाही. एनआरओ खाते मात्र तिच्यात मोजले जाते, आणि हे विसरण्याचा दंड करापेक्षा कितीतरी मोठा असतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट खरेदीआधी पाहावी. इंग्लंडमध्ये घर घेताना आधीचे दुसरे घर जगात कुठेही असले तरी ते मोजले जाते. ४०,००० पौंडांच्या वरचे नागावचे घर नावावर असेल तर लंडनमधल्या पहिल्यावहिल्या घरावरही अतिरिक्त मुद्रांक कर लागू शकतो, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ टक्के आहे. तिथे घर घ्यायचेच असेल तर आधी तिथले, मग इथले, हा क्रम लाखो रुपये वाचवतो.

संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या भाड्याच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे भारतात भरलेला कर तोच अखेरचा. पण तिथल्यांना दिवसांचा हिशेब ठेवावा लागतो. भारतीय उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांच्या मुक्कामानंतरही निवासी दर्जाचा प्रश्न उभा राहतो. किनाऱ्यावरचे घर माणसाला थांबवून घेते, म्हणून पारपत्रावरचे शिक्के मोजत राहावे.

विकताना

दोन वर्षांनंतर घर विकले तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर, वर लागू असेल तो अधिभार आणि उपकर. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना पर्याय निवासी व्यक्तींना ठेवला आहे, परदेशस्थांना नाही. वारशाचे जुने घर असेल तर १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. नफ्यातून भारतात दुसरे राहते घर घेतल्यास किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवल्यास कर वाचतो.

इथेही कपातीचा तोच प्रकार. कपात कायद्याने नफ्यावर आहे, पण नफा किती हे खरेदीदाराला ठाऊक नसते, म्हणून तो सुरक्षित राहण्यासाठी पूर्ण किमतीवर कापतो. साठेखत करण्याआधीच कमी कपातीचे प्रमाणपत्र हातात असावे. प्रमाणपत्राला वेळ लागतो, तेव्हा तो वेळ व्यवहाराच्या तारखांत धरावा.

विक्रीचे पैसे परदेशी नेताना खरेदीच्या दिवशीचे बँकेचे पुरावे कामाला येतात. परकीय चलनात घेतलेल्या राहत्या घराची मूळ रक्कम परत नेता येते; ही सोय दोन घरांपुरती आहे. बाकी रक्कम, वारशाच्या घराचे पैसे धरून, एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह नेता येते. भाडे चालू उत्पन्न असल्याने कर भरल्यावर या मर्यादेबाहेरही पाठवता येते.

या सगळ्यातून कामाचा क्रम असा निघतो. घर पसंत पडले की विसार देण्याआधी सातबारा, बिनशेती आदेश आणि किनारा नियमांतले जागेचे स्थान वकिलाकडून तपासून घ्यावे. मग भारतातल्या आणि राहत्या देशातल्या करसल्लागाराला एकाच कागदावर दोन्हीकडचा हिशेब मांडायला सांगावा. मग पैसे बँकेतून पाठवावेत, आणि भाडेकरू येण्याआधी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज करावा. या तपासणीला दोन-तीन महिने लागतात आणि काही हजार रुपये खर्च होतात. विक्रेता ‘उद्याच विसार द्या, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणाला तर ते घर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल जाऊ द्यावे. रायगडला लांबलचक किनारा आहे आणि स्वच्छ कागदाची घरेही आहेत. ती शोधण्याइतका वेळ काढणाऱ्यालाच हे घर पुढे वर्षानुवर्षे सुखाने वापरता येते.